आरशावर उतरणारे विमान



सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोटहून सोलापूरच्या दिशेने निघाले, की थोड्याच वेळात नळदुर्ग येते. तेथे किल्ल्याच्या तटाला लागून बोरी नदीचे पाणी अडविलेले आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधलेला तो दगडी बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पावसाळ्यात याच बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे कोसळतात. नदीच्या वरच्या अंगाला अलीकडच्या काळात बांधलेल्या धरणाचा मोठा जलाशयही आहे.

आता अशी कल्पना करा, की एका लहान विमानाला त्या जलाशयावर उतरायचे आहे. त्याला चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे दोन लांबट, पोकळ पाय आहेत. उतरण्यासाठी दोन दिवस सुचविले आहेत. पहिल्या दिवशी वारा अजिबात नाही, पाणी काचेसारखे स्थिर आहे आणि त्यात आकाशातले ढग जसेच्या तसे दिसत आहेत. दुसऱ्या दिवशी बेताचा वारा आहे आणि पाण्यावर वीतभर उंचीच्या लाटा उठल्या आहेत. यांपैकी कोणता दिवस अधिक सुरक्षित?

बहुतेक जण पहिल्या दिवसाला पसंती देतील. अनुभवी वैमानिक मात्र दुसरा दिवस निवडील! अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक खात्याने जलविमानांच्या वैमानिकांसाठी जी प्रशिक्षण पुस्तिका काढली आहे, तीत काचेसारख्या शांत पाण्यावर कसे उतरावे याचा वेगळा धडाच आहे. शांत पाण्याची एवढी धास्ती का, हे समजून घेण्यासाठी आपल्याला शाळेत शिकलेले प्रकाशाचे परावर्तन, आर्किमिडीजचे तत्त्व आणि गतिज ऊर्जा एवढ्याच गोष्टी पुरेशा आहेत.

तळ्यावर उतरणारी विमाने

पाण्यावरून उडणारे पहिले विमान फ्रान्समध्ये उडाले. २८ मार्च १९१० रोजी आंरी फाब्र या तरुण अभियंत्याने मार्सेय शहराजवळील बेर नावाच्या खाऱ्या पाण्याच्या सरोवरावरून हे उड्डाण केले. पुढे अशा विमानांचे दोन मुख्य प्रकार रूढ झाले. एका प्रकारात विमानाचे धडच होडीसारखे असते आणि ते सरळ पाण्यात बसते. याला ‘उडती बोट’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात नेहमीच्या विमानाखाली चाकांच्या जागी फ्लोट म्हणजे पोकळ तरंगते पाय जोडतात. हे फ्लोटप्लेन. काही फ्लोटांमध्ये आत ओढून घेता येणारी चाकेही असतात. अशी विमाने जमीन आणि पाणी या दोन्ही ठिकाणी उतरू शकतात, म्हणून त्यांना उभयचर म्हणतात.

आपल्या देशातील तळ्यांना ही विमाने नवीन नाहीत. १९३८ च्या सुमारास इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या इंपीरियल एअरवेज कंपनीच्या उडत्या बोटी कराचीनंतर राजस्थानातील राजसमंद तलावावर उतरत. हा तलाव महाराणा राजसिंहाने सतराव्या शतकात बांधला. तेथून त्या शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातील जलाशयावर, पुढे अलाहाबादला आणि मग कलकत्त्याला हुगळी नदीवर जात. चार इंजिने असलेली आणि सुमारे १८ टन वजनाची ही विमाने, मनुष्याने शेतीसाठी आणि पिण्यासाठी अडविलेल्या पाण्यावर उतरत असत.

महाराष्ट्रात २०१४ साली मुंबईच्या जुहू विमानतळावरून लोणावळ्याजवळच्या पवना धरणाच्या जलाशयापर्यंत छोट्या जलविमानाची सेवा सुरू करण्यात आली होती. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या गिरगाव चौपाटीजवळ समुद्रावर अशाच एका विमानाचे प्रात्यक्षिक झाले. शेजारच्या गुजरातमध्ये ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादच्या साबरमती नदीपासून केवडियाच्या तळ्यापर्यंत जलविमान सुरू झाले. ते एप्रिल २०२१ मध्ये थांबले. केवडियाच्या तळ्यात मगरी होत्या. विमान उतरण्याआधी पिंजरे लावून त्यांतील काही पकडाव्या लागल्या व दुसरीकडे सोडाव्या लागल्या. तळे म्हणजे डांबरी धावपट्टी नव्हे, हे यावरूनच ध्यानात येईल.

फ्लोट पाण्यावर कसा बसतो?

विमान पाण्यावर स्थिर उभे असते तेव्हा त्याला आर्किमिडीजचे तत्त्व लागू पडते. समजा, विमानाचे भरलेले वजन १,६०० किलोग्रॅम आहे. तर तरंगण्यासाठी फ्लोटांनी १,६०० किलोग्रॅम, म्हणजे १.६ घनमीटर पाणी बाजूला सारले पाहिजे. सुरक्षिततेसाठी मात्र दोन्ही फ्लोट मिळून विमानाच्या वजनाच्या १८० टक्के भार पेलू शकतील एवढे मोठे करतात. शिवाय प्रत्येक फ्लोट आतून अनेक बंद कप्प्यांत विभागलेला असतो. एखाद्या कप्प्याला भोक पडले तरी बाकीचे कप्पे विमानाला तरंगत ठेवतात.

विमान वेगाने पाण्यावरून धावू लागले, की चित्र बदलते. चपटा दगड पाण्यावर तिरपा फेकला, तर तो न बुडता टप्पे घेत जातो हे आपण जाणता. वेगामुळे पाणी दगडाला खालून वर ढकलते. फ्लोटही असाच पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जातो. त्याच्या तळाला मध्यभागी एक पायरी असते. या पायरीमुळे मागचा भाग पाण्यापासून सुटतो आणि फार थोडा भाग पाण्याला टेकलेला राहतो. विमान उतरताना प्रथम ही पायरीच्या आसपासची जागा पाण्याला टेकावी, नाक किंचित वर असावे, अशी वैमानिकाची धडपड असते.

नाक खाली असेल तर काय होईल? पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. वाहत्या द्रवाचा दाब काढण्याचे सूत्र असे आहे:

दाब = ½ × घनता × वेग × वेग

विमानाचा वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर धरू. हवेसाठी हा दाब सुमारे ५४० पास्कल येतो. पाण्यासाठी तो ४,५०,००० पास्कल येतो! म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ ४.६ किलोग्रॅम भार. फ्लोटच्या टोकाचा तळहाताएवढा, समजा १०० चौरस सेंटीमीटरचा भाग जरी पाण्यात रुतला, तरी त्यावर सुमारे ४६० किलोग्रॅम वजनाइतके बल मागच्या दिशेने लागेल. हे बल लागते खाली, फ्लोटावर. आणि विमानाचा गुरुत्वमध्य असतो त्याच्या बराच वर. पाय अडकून तोंडावर पडणाऱ्या माणसाचे जे होते तेच विमानाचे होते. नाक पाण्यात घुसते, शेपूट वर उचलली जाते आणि विमान उलटे होते.

पाणी मऊ असते, ही समजूत संथ वेगापुरतीच खरी आहे. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व धोके समजणे सोपे जाते.

डोळ्यांची फसगत

आता शांत पाण्याकडे वळू. जमिनीवर उतरताना वैमानिक उंचीचा शेवटचा अंदाज डोळ्यांनी घेतो. गवत, दगडगोटे, धावपट्टीवरील पट्टे हे जसजसे जवळ येतात तसतसे मोठे आणि स्पष्ट दिसतात. पाण्यावर हे काम लाटा करतात. लाटांचा आकार, त्यांवरील चकाकी आणि त्यांची मागे सरकण्याची गती पाहून पाणी किती खाली आहे ते कळते.

वारा पडला, की या खुणा नाहीशा होतात. पाण्याचा पृष्ठभाग सपाट आरसा बनतो. आरसा कधी दिसत नाही. दिसते ती त्यातील प्रतिमा. सपाट आरशातील आभासी प्रतिमा आरशामागे किती अंतरावर असते? वस्तू आरशापुढे जितक्या अंतरावर असेल तितक्याच. म्हणजे २,००० मीटर उंचीवरचा ढग तळ्यात २,००० मीटर खोल असल्यासारखा दिसतो. वैमानिकाचे डोळे त्या दूरच्या ढगावर स्थिरावतात. ज्या पृष्ठभागाला विमान टेकायचे आहे, तो पृष्ठभाग त्याला दिसतच नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. पाण्याकडे सरळ खाली पाहिले, तर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच परावर्तित होतो. म्हणून विहिरीत वाकून पाहणाऱ्याला आतले काही दिसू शकते. पण पृष्ठभागाशी केवळ ५ अंशांचा कोन करून, अगदी तिरपे पाहिले, तर निम्म्याहून अधिक प्रकाश परावर्तित होतो. उतरणाऱ्या वैमानिकाची नजर समोर, अशीच तिरपी असते. म्हणजे नेमक्या नको त्या वेळी तळे अधिक चांगला आरसा बनते. पाणी फार स्वच्छ आणि उथळ असेल, तर उलट फसगत होते. तळ दिसतो आणि तोच पृष्ठभाग वाटतो.

यातून दोन प्रकारच्या चुका संभवतात. पाणी आहे त्यापेक्षा जवळ भासले, तर वैमानिक फार लवकर नाक वर उचलून वेग कमी करतो. पंखांना उचलून धरणारे उत्थापक बल संपते आणि विमान वरून खाली कोसळते. तीन मीटर उंचीवरून मुक्तपणे पडणारी वस्तू सेकंदाला सुमारे ७.७ मीटर वेगाने खाली आदळते. पंखांचे थोडे बल शिल्लक असल्याने विमानाचा वेग याहून काहीसा कमी राहील. पण फ्लोटांचे आधार मोडण्यास तोही पुरेसा आहे. उलट, पाणी आहे त्यापेक्षा दूर भासले, तर नाक खाली असतानाच विमान पाण्याला भिडते. त्याचा परिणाम आपण वर पाहिलाच.

उपाय : डोळ्यांवर विसंबू नका

या अडचणीवर वैमानिकांनी शोधलेला उपाय मोठा शिस्तीचा आहे. डोळ्यांनी उंची कळत नाही ना, मग उंचीचा अंदाज घ्यायचाच नाही! काठावरील झाडे, खडक यांची उंची नजरेत असेपर्यंत विमान काठालगत खाली आणायचे. मग नाक किंचित वर ठेवून, इंजिनाची थोडी शक्ती चालू ठेवून, विमान अतिशय मंद गतीने खाली येत राहील अशी स्थिती साधायची. ही गती मिनिटाला १५० फुटांपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे पाऊण मीटरपेक्षा जास्त असू नये. ही स्थिती एकदा साधली, की ती बदलायची नाही. पाणी ‘आता आले, आता आले’ असे वाटले तरी हात स्थिर ठेवायचे. फ्लोट टेकले की मगच इंजिन मंद करायचे.

या पद्धतीची किंमत किती, त्याचे गणित करू. समजा, ६० मीटर उंचीपासून ही मंद उतरण सुरू केली.

लागणारा वेळ = ६० ÷ ०.७५ = ८० सेकंद.
तेवढ्या वेळात कापलेले अंतर = ८० × ३० = २,४०० मीटर.

नेहमीच्या पद्धतीने सेकंदाला २.५ मीटर गतीने उतरले असते, तर २४ सेकंद आणि ७२० मीटर पुरले असते. म्हणजे शांत पाण्यावर उतरायला तिपटीहून अधिक लांबी लागते. लहान तळ्याजवळ एवढी लांबी नसते, आणि वाटेत टेकडी असेल तर उतरण सुरू करण्यासच जागा उरत नाही. मग एक सोपी युक्ती उपयोगी पडते. तळ्यावर एखादी यांत्रिक होडी असेल, तर ती फिरवून पाण्यावर तरंग उठवायचे. आरसा मोडला, की पाणी दिसू लागते!

वारा : मित्र आणि शत्रू

बेताचा वारा वैमानिकाला दुसऱ्याही कारणाने हवा असतो. पंखांना गरज असते ती हवेच्या संदर्भातील वेगाची. समजा, हा वेग सेकंदाला ३० मीटर असला पाहिजे आणि वारा सेकंदाला ५ मीटर वेगाने वाहत आहे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरल्यास पाण्याच्या संदर्भात वेग फक्त २५ मीटर राहतो. वाऱ्याबरोबर उतरल्यास तो ३५ मीटर होतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३५ चा वर्ग १,२२५ आणि २५ चा वर्ग ६२५. केवळ दिशा चुकली, तर पाण्याने शोषून घ्यावयाची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते.

तळ्यावर वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी नेहमी नसते. पण पाणी स्वतःच ती सांगते. वारा ज्या काठाकडून येतो, त्या काठालगत झाडांच्या किंवा टेकडीच्या आडोशामुळे शांत पाण्याचा पट्टा राहतो. जोराच्या वाऱ्यात पाण्यावर फेसाच्या लांब रेघा वाऱ्याच्या दिशेने पडतात. काठावरील चुलीचा धूरही उपयोगी पडतो.

वारा वाढला, की तोच शत्रू बनतो. लाटा उंच झाल्या, तर फ्लोट एका लाटेच्या माथ्यावर आपटून पुन्हा हवेत उडतो आणि पुढच्या लाटेत नाकाने शिरतो. पवना जलाशयासारख्या डोंगरांनी वेढलेल्या जागी आणखी एक अडचण असते. लोहगड, तुंग, तिकोना यांसारख्या किल्ल्यांचे डोंगर सभोवती उभे आहेत. अशा डोंगरांवरून वारा ओलांडून येतो, तेव्हा पाठीमागच्या बाजूला तो खाली कोसळतो आणि त्यात भोवरे निर्माण होतात. नदीतील मोठ्या खडकामागे पाणी जसे घुसळते, तसेच हे. तळ्याच्या एका टोकाला शांत वाटणारी हवा दुसऱ्या टोकाला विमानाला खाली दाबू शकते.

शिवाय पाण्यावर विमानाला ब्रेक नसतो. इंजिन चालू आहे तोवर विमान पुढे सरकतच राहते आणि बंद केले, की वारा त्याला नेईल तिकडे ते जाते. वादळकोंबडा जसा वाऱ्याकडे तोंड करतो, तसे पाण्यावरील विमानही आपोआप वाऱ्याकडे तोंड वळविते. धक्क्याजवळ, माणसे उभी असताना आणि पुढचा पंखा फिरत असताना, ही गोष्ट फार जोखमीची ठरते.

पाण्याखाली काय आहे?

नैसर्गिक सरोवर आणि धरणाचा जलाशय यांत मोठा फरक आहे. धरणाचे पाणी जेथे पसरते तेथे पूर्वी शेते, विहिरी, झाडे, घरे आणि देवळे असतात. पवना धरणात बुडालेले वाघेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते. उजनी धरणातील पळसदेवचे जुने मंदिरही पाणी फार खाली गेले म्हणजे दिसू लागते. हे दृश्य पाहायला लोक गर्दी करतात. पण मंदिर पूर्ण उघडे पडण्याच्या काही आठवडे आधीची स्थिती डोळ्यांपुढे आणा. शिखर पाण्याखाली जेमतेम हातभर आहे आणि वरून काहीच दिसत नाही! ऑक्टोबरमध्ये जेथे वीस मीटर पाणी असते, तेथेच मे महिन्यात झाडाचा बुंधा फ्लोट फाडू शकतो. म्हणून जलाशयाचा एकच नकाशा वर्षभर चालत नाही. तळाची खोली मोजून, दर पातळीला कोणता भाग सुरक्षित आहे हे ठरवावे लागते.

पाण्यावरही अडथळे असतात. मासेमारांची जाळी आणि ती तरंगत ठेवणारे डबे, जलपर्णीचे गालिचे, पुरात वाहून आलेले ओंडके हे सारे लांबून ओळखू येत नाहीत. पाणी पिऊन जड झालेला ओंडका पृष्ठभागाच्या किंचित खाली तरंगतो. उजनीवर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. अशा थव्यात विमान शिरले, तर पक्षी आणि माणसे दोघांनाही धोका. जलाशयाच्या अरुंद फाट्यांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. वरून पाहताना तारा दिसत नाहीत, म्हणून वैमानिक काठावरचे खांब शोधतात.

चाके वर की खाली?

उभयचर विमानाचा एक धोका मात्र पूर्णपणे मनुष्यनिर्मित आहे. विमानतळावरून उडालेला वैमानिक चाके आत ओढून घेण्यास विसरला आणि तसाच तळ्यावर उतरला, तर चाके पाण्यात रुततात आणि क्षणात विमान उलटते. जमिनीवर चाके वर ठेवून उतरल्यास बहुधा फ्लोटांचा तळ खरचटण्यावर निभावते. पाण्यावर चाके खाली ठेवून उतरल्यास प्राणावर बेतते. म्हणून अशा अनेक विमानांत वैमानिकाला मोठ्याने आठवण देणारे यंत्र बसवितात. चांगला वैमानिक तरीही दर वेळी स्वतःशी मोठ्याने म्हणतो, “पाण्यावर उतरतो आहे, चाके वर आहेत.”

उतरता आले म्हणजे उडता येतेच असे नाही

मार्च १९३९ मध्ये इंपीरियल एअरवेजची ‘कोर्सेर’ नावाची उडती बोट आफ्रिकेत वाट चुकली. इंधन संपत आले, तेव्हा वैमानिकाने ती तेव्हाच्या बेल्जियन काँगोमधील डुंगू नावाच्या अरुंद नदीवर उतरविली. पाण्यातील खडकाने तिचा तळ फाडला. प्रवासी वाचले. कित्येक महिने खपून तंत्रज्ञांनी ती दुरुस्त केली. उड्डाणाचा पहिला प्रयत्न मात्र फसला आणि दुसऱ्या एका खडकाने तळ पुन्हा फाटला. शेवटी नदीवर बंधारा घालून पाण्याची पातळी वाढविण्यात आली आणि जानेवारी १९४० मध्ये ‘कोर्सेर’ त्या पाण्यावरून उडाली. एका विमानासाठी जवळजवळ तळेच तयार करावे लागले!

आपल्या पठारावर आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर आणि ४० अंश सेल्सिअस तापमानात हवा, प्रमाण मानलेल्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. तेवढेच उत्थापक बल मिळविण्यासाठी विमानाला सुमारे ८ टक्के अधिक वेग ठेवावा लागतो. म्हणजे पाण्यावर टेकताना गतिज ऊर्जा सुमारे १७ टक्के अधिक. उडताना तर विरळ हवेत इंजिनाची शक्तीही घटते. मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारी याचा विचार आधी करावा लागेल. आणि नेमक्या त्याच महिन्यात जलाशयाची लांबीही सर्वांत कमी असते.

विमान उलटले तर

जलविमानांच्या अपघातांच्या तपासांतून एक दुःखद गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. आदळण्याच्या धक्क्यातून वाचलेली माणसे पुष्कळदा बुडून मरण पावतात, कारण उलट्या विमानात, गढूळ पाण्यात, अंधारात त्यांना दार सापडत नाही. यावरचे नियम साधे आहेत. बसतानाच जवळचे दार कोठे आहे आणि ते कसे उघडते ते पाहून ठेवावे. उलटल्यावर एक हात खिडकीच्या चौकटीवर किंवा दारावर घट्ट ठेवावा आणि मगच पट्टा सोडावा; आधी पट्टा सोडला तर दिशा हरवते. जीवरक्षक जाकीट अंगात असावे, पण ते विमानाबाहेर पडल्यावरच फुगवावे. आत फुगविले, तर ते माणसाला वर, म्हणजे उलट्या विमानाच्या फरशीशी दाबून धरते आणि खाली असलेल्या दारापर्यंत जाऊ देत नाही. झाकलेल्या होडीतून प्रवास करतानाही जाकिटाचा हा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

करून पाहा

१. काळ्या तळाच्या परातीत पाणी भरून ती उघड्यावर, आकाशाचे प्रतिबिंब पडेल अशी ठेवा. मित्राने एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिल हळूहळू खाली आणावी आणि टोक पाण्यापासून एक सेंटीमीटरवर आले असे वाटताच थांबावे. दुसऱ्याने बाजूने पट्टीने खरे अंतर मोजावे. असे दहा वेळा करा. मग पाण्यावर चिमूटभर भुसा पसरून पुन्हा दहा वेळा करा. दोन्ही वेळच्या चुकांची सरासरी काढा.

२. बादलीभर पाण्यात लाकडी पट्टी प्रथम कडेने आणि नंतर सपाट बाजूने त्याच वेगाने ओढा. हाताला जाणवणारा फरक लिहून ठेवा. मग वेग दुप्पट करा. रोध किती वाढल्यासारखा वाटतो?

३. शिक्षकांच्या मदतीने आपल्या भागाचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा मिळवा आणि जवळच्या जलाशयाची ‘परीक्षा’ घ्या. सर्वांत लांब सरळ पट्टा किती मीटरचा आहे? त्याच्या दोन्ही टोकांना टेकड्या किंवा विजेच्या तारा आहेत का? पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात पाणी कोठपर्यंत असते, हे पाटबंधारे खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारा. खडक, जुने बांध आणि विहिरी कोठे आहेत, हे तेथील मासेमारांना विचारा; त्यांच्याइतकी माहिती नकाशालाही नसते. वारा बहुधा कोणत्या दिशेने येतो? आपल्या २,४०० मीटरच्या हिशेबात तो जलाशय बसतो का? ही पाहणी काठावरूनच करावी, शिक्षकांशिवाय पाण्यात उतरू नये.

तुमच्या परीक्षेत जलाशय नापास झाला, तरी वाईट वाटून घेऊ नका. एखादी जागा योग्य नाही, हे अपघात होण्यापूर्वी ठरविणे हेही शास्त्राचेच काम आहे. डोळ्यांना जे निर्धोक दिसते ते मोजून पाहिल्याशिवाय निर्धोक मानू नये, एवढे काचेसारखे ते शांत तळे आपल्याला शिकवते.

प्रश्न

१. समान वेगाने पाण्यात शिरताना होडीपेक्षा फ्लोटप्लेन उलटण्याची शक्यता अधिक का असते?
२. उतरण्याचा वेग सेकंदाला २६ मीटर आणि खाली येण्याची गती सेकंदाला ०.७५ मीटर असेल, तर ४५ मीटर उंचीवरून उतरण्यास किती लांबीचे अंतर लागेल?
३. तळ्यातील ढगाचे प्रतिबिंब पाहताना डोळ्याचे भिंग कोणत्या अंतरासाठी जुळवून घेते? का?
४. भरलेल्या आणि निम्म्या रिकाम्या जलाशयात उतरण्याच्या धोक्यांची तुलना करा.